मर्कॅट क्रॉसमध्ये क्रॉस कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा: "एडिंबरोला राहतो. सुट्टीत फाइफमधल्या एका जुन्या गावी गेलो होतो. चढावरच्या लहानशा चौकात दगडी पायऱ्या, त्यावर उंच खांब आणि टोकावर शिंगवाला घोडा. लांबून आईला दीपमाळच वाटली. नाव मात्र मर्कॅट क्रॉस, आणि क्रॉस कुठेच नाही. वर कुणीतरी सांगितलं की पाया 1588 चा आहे, बाकी सगळं 1902 चं. मग आम्ही पाहिलं ते खरं की नक्कल? आणि गावाच्या मध्यात हे उभारलं तरी कशासाठी?"

गाव कोणतं ते वर्षांवरूनच कळलं. लिहिताना कलरॉस असं दिसतं, गावात म्हणतात कूरस. मी दगडी वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो आणि त्यातली बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये गेली आहेत. अशा खांबांशी माझा संबंध छिन्नी आणि चुन्यातून आला, म्हणून उत्तरात इतिहासापेक्षा दगड जास्त आला तर चालवून घ्या.

आधी नाव. 'मर्कॅट' हे मार्केटचं चुकलेलं स्पेलिंग नाही, तो स्कॉट्स भाषेतला शब्द आहे. 12 व्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने स्कॉटलंडमध्ये बर्ग वसवायला सुरुवात केली. बर्ग म्हणजे सनद मिळालेली पेठ असं समजा. सनदेत मुख्य गोष्ट एकच: या गावाला बाजार भरवायचा हक्क आहे, आसपासच्या मुलखात इतर कुणाला नाही. सनद राजाची असे, कधी बिशपची किंवा जहागीरदाराची. कागद पेटीत राहतो, लोकांना दिसत नाही. लोकांना दिसावा म्हणून चौकात खांब उभा राहिला. ज्या काळी सौदा शपथेवर होई त्या काळी खांबाच्या टोकावर क्रूस असणं ओघानंच आलं. देवाच्या नजरेखाली माप मारायला माणूस दोनदा विचार करतो.

मग क्रूस गेला कुठे? 1560 साली स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं आणि त्यानंतर क्रूसावरच्या मूर्ती, संतांच्या प्रतिमा हे सगळं मूर्तिपूजेच्या खात्यात गेलं. बाजार बंद पडला नाही, हक्क संपला नाही, फक्त टोकावरची निशाणी बदलली. धार्मिक निशाणीच्या जागी राज्याची निशाणी आली. तुमचा शिंगवाला घोडा म्हणजे युनिकॉर्न. तो पर्यटकांसाठी किंवा लहान मुलांसाठी बसवलेला नाही, तो स्कॉटलंडच्या राजचिन्हातला प्राणी आहे. 1603 मध्ये सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला, तोपर्यंत स्कॉटिश राजचिन्हाच्या दोन्ही बाजूंना युनिकॉर्नच होते. नंतर एकाच्या जागी इंग्लंडचा सिंह आला. पुढच्या वेळी युनिकॉर्न दिसला की गळा आणि पाय बघा, बहुतेक वेळा साखळी कोरलेली असते. नाव मात्र क्रॉसच राहिलं. आपल्याकडेही वेस पाडून पन्नास वर्षं झाली तरी लोक पत्ता 'वेशीपाशी' असाच सांगतात.

क्रूस असलेले अपवाद पाहायचे असतील तर दोन ठिकाणं सुचवतो. ईस्ट लोदियनमधलं ऑर्मिस्टन तुमच्यापासून जवळ आहे. गावाच्या मुख्य रस्त्यावर 15 व्या शतकातला साधा, खरोखरच क्रूसाच्या आकाराचा दगड उभा आहे. खालच्या पायऱ्या अलीकडच्या आहेत. दुसरं ठिकाण उत्तरेला बॅन्फमध्ये. तिथे टोकावर चक्क क्रूसावरचा येशू कोरलेला आहे. धर्मक्रांतीतून अशी वस्तू वाचणं फार दुर्मीळ, आणि माझ्या मते एवढ्यासाठी तिथवरचा प्रवास करायला हरकत नाही.

आता कशासाठी, याचं उत्तर. बाजारासाठी, हे खरंच, पण ते अर्धंच झालं. क्रॉसच्या भोवतीचा चौक ही एकमेव जागा होती जिथे माल उघड्यावर, ठरलेल्या वेळेत विकावा लागे. शेतकरी गावात शिरण्याआधीच वाटेत गाठून माल उचलणं हा गुन्हा होता. साठेबाजी करून भाव चढवणारा मधला माणूस तेव्हाही होताच, आणि त्याच्यावरचे कायदे वाचताना आपल्या बाजार समित्यांचीच आठवण होते. चौकाजवळ ट्रॉन असे, म्हणजे सार्वजनिक वजनकाटा. ग्लासगोतला ट्रॉनगेट आणि एडिंबरोतलं ट्रॉन चर्च ही नावं त्या काट्यावरूनच आली. शेजारी टोलबूथ. आपल्याकडचा जकात नाका, चावडी आणि कोठडी या तिन्हींना एका छपराखाली आणलं की टोलबूथ झाला. कापड मोजायचं मापही कधीकधी खांबावरच असे. फेटरकेर्न गावच्या क्रॉसच्या दांड्यावर स्कॉटिश 'एल'ची खूण आहे. एल सुमारे 37 इंचांचा, म्हणजे आपल्या वारापेक्षा इंचभर मोठा. कापडवाल्याशी वाद झाला की ताका उचलायचा, खांबाला लावायचा आणि तिथल्या तिथे निकाल. हा क्रॉस मुळात फेटरकेर्नचा नव्हेच. तो किनकार्डिन नावाच्या गावचा, जे कधीकाळी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं आणि आता जवळजवळ नाहीसं झालंय. गाव विरलं, खांब शेजारी नांदायला गेला.

बाजाराइतकंच मोठं काम दवंडीचं. राजाचा हुकूम क्रॉसवर वाचला गेला की तो गावाला कळला असं कायदा धरून चाले. तुम्ही घरी झोपला होतात ही सबब चालत नसे. कर्ज बुडवणाऱ्याला किंवा कोर्टाचा हुकूम न मानणाऱ्याला क्रॉसवर तीन वेळा शिंग फुंकून बंडखोर जाहीर करत. 'शिंगावर धरणं' असा तो वाक्प्रचार कायद्याच्या भाषेत होता. जप्तीचा मालही क्रॉसपाशी आणला जाई. मला सगळ्यात गंमत वाटते ती परदेशी गेलेल्यांना समन्स बजावण्याच्या पद्धतीची. माणूस देशाबाहेर असला की एडिंबरोच्या मर्कॅट क्रॉसवर आणि लीथ बंदराच्या धक्क्यावर, अशा दोन ठिकाणी त्याच्या नावाने पुकारा करत. लीथच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे तोंड करून, हॉलंडला पळालेल्या व्यापाऱ्याला हाक मारणारा कारकून मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो. 19 व्या शतकापर्यंत कायद्यात ही पद्धत होती.

सरकारची वाणी जिथून ऐकायची, तिथूनच सरकारला उलट बोलायचं, हेही लोकांनी ओळखलं. 22 जून 1680 रोजी रिचर्ड कॅमरन नावाचा बंडखोर धर्मोपदेशक आपल्या सशस्त्र साथीदारांसह सॅन्कर गावात घोड्यावरून आला आणि क्रॉसपाशी त्याने दुसऱ्या चार्ल्स राजाशी असलेली निष्ठा मोडल्याचं जाहीर केलं. बरोबर महिन्याने चकमकीत तो मारला गेला. 20 नोव्हेंबर 1706 ला डम्फ्रीजच्या क्रॉसपाशी विरोधकांनी इंग्लंडशी होणाऱ्या विलीनीकरणाची कलमं जाळली. कलमं जाळायला नदीकाठ किंवा मैदानही चाललं असतं. पण चौकात जाळली की ती जणू कायद्याने जाळली.

ही प्रथा अजून मेलेली नाही. तिसरा चार्ल्स राजा झाल्याची घोषणा लंडनला 10 सप्टेंबर 2022 ला झाली आणि दुसऱ्या दिवशी एडिंबरोच्या मर्कॅट क्रॉसवरून लॉर्ड लायन या राजचिन्हांच्या अधिकाऱ्याने ती वाचली. तुम्ही एडिंबरोला असता, म्हणजे सेंट जाइल्स चर्चशेजारून शंभरदा तरी त्या क्रॉसवरून गेला असाल. आणि इथेच तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तोही 'खरा' नाही.

एडिंबरोचा जुना क्रॉस 1756 मध्ये पाडला. कारण आजच्या नगरपालिकेला शोभेल असं: रहदारीला अडथळा. दांड्याचे तुकडे इकडेतिकडे फिरले. आज दिसतो तो 1885 चा, सिडनी मिचेल या वास्तुविशारदाचा, आणि पैसे दिले विल्यम ग्लॅडस्टन यांनी. होय, तेच पंतप्रधान ग्लॅडस्टन, ते तिथल्या मिडलोदियन मतदारसंघाचे खासदार होते. जुन्याची जागा हाय स्ट्रीटच्या फरसबंदीत अष्टकोनी आकृतीने दाखवली आहे, लोक त्यावरून चालत जातात आणि खाली बघत नाहीत. एडिंबरोनंतर एल्गिनचा क्रॉस 1888 ला उभा राहिला, स्टर्लिंगचा 1891 ला, तुमचा कूरसचा 1902 ला. आजोबांनी रस्ता रुंद करायला पाडलं, नातवांनी हौसेनं पुन्हा बांधलं, असा तो काळ होता. ग्लासगोने तर 17 व्या शतकात गेलेला क्रॉस 1930 मध्ये परत आणला, तोही एडिथ बर्नेट ह्यूज यांच्या आराखड्यावर. ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री वास्तुविशारदांपैकी त्या एक.

तेव्हा 'खरा की नक्कल' हा प्रश्न पूर्ण खांबाला विचारून उपयोग नाही. तो एकेका दगडाला विचारावा लागतो. कूरसला पायथा जुना आणि दांडा नवा. स्टर्लिंगला उलटं, दांडा 1891 चा आणि वरचा युनिकॉर्न जुना. लोक त्याला 'पगी' म्हणतात. इन्व्हरकीदिंगला दांडा मध्ययुगीन आणि युनिकॉर्न 1688 चा, म्हणजे तिथे तर डोकंच नंतरचं. सगळं जुनं, सगळं एकत्र आणि मूळ जागेवर पाहायचं असेल तर प्रेस्टनपॅन्सला जा. जुन्या प्रेस्टन गावचा तो क्रॉस 17 व्या शतकाच्या सुरुवातीचा. खाली गोल बुरुजासारखी खोली, तिच्या भिंतीत कोनाडे, आत जिना, वर गच्ची आणि गच्चीच्या मध्यातून निघालेला खांब. दवंडी देणारा नेमका कुठे उभा राहत असेल ते तिथे गेल्यावर न सांगता कळतं. आता आजूबाजूला शांत निवासी वस्ती आहे. कुणीही थांबून बघत नाही, म्हणून गर्दीही नसते.

सव्वाशेच्या आसपास मर्कॅट क्रॉस आज स्कॉटलंडमध्ये उभे आहेत आणि जे मी जवळून तपासले त्यातला एकही 'एका हाताचा' नव्हता. दुरुस्ती करताना पहिलं काम म्हणजे कुठला दगड केव्हाचा हे ठरवणं. यात मी स्वतः सपशेल फसलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या क्रॉसची खालची पायरी अशी खोलगट झिजलेली होती की मी छातीठोकपणे लिहून दिलं, ही सर्वांत जुनी. माझ्याबरोबर एक म्हातारा पाथरवट होता. त्याने एवढंच विचारलं, की झीज भिंतीच्या बाजूला कशी? माणसं चौकाकडून चढतील की भिंतीकडून? तो दगड दुसऱ्याच कुठल्या जिन्यातून काढून, उलटा फिरवून बसवलेला होता. तेव्हापासून मी झिजेपेक्षा झिजेची दिशा बघतो.

तुम्हालाही बघता येईल असं थोडं सांगतो. हाताने घडवलेल्या दगडावर टाकीचे घाव सारखे नसतात, ओळी तिरक्या जातात, मध्येच कारागिराने हात बदललेला कळतो. यंत्राने कापलेल्या दगडाची कड सुरीसारखी सरळ असते. सांधे बघा. जुन्या कामात चुना, तो पिवळसर-पांढरा, नखाने किंचित खरवडतो. करडा, टणक, दगडाच्या वर फुगून आलेला सांधा दिसला तर ते सिमेंट, आणि ते बहुधा विसाव्या शतकातलं.

या सिमेंटबद्दल मला जरा राग आहे, तो इथे काढून घेतो. स्कॉटलंडमधले बहुतेक क्रॉस वाळूच्या दगडाचे. तो पाणी पितो आणि पाणी सोडतो. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडते आणि झिजलाच तर सांधा झिजतो. काही दशकांनी तो पुन्हा भरायचा, एवढंच. सिमेंट भरलं की ओलीची वाट बंद. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू बघतं, हिवाळ्यात गोठतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चांगला राहतो तो सिमेंटचा सांधा, खड्डा पडतो दगडाला. एका लहान गावात (नाव नको) मी असा खांब पाहिला ज्यावर सांध्यांची जाळी वर उठून दिसत होती आणि मधला दगड बोटभर आत गेला होता. कुणीतरी चांगल्या मनाने, गावाच्या वर्गणीतून केलेलं काम होतं ते. सिमेंट काढायला आम्हाला लागलेला वेळ मूळ क्रॉस घडवायला लागला असेल त्यापेक्षा कमी नसावा.

दुसरा शत्रू लोखंड. दांड्याचे तुकडे एकमेकांवर बसवताना मध्ये सळई घालतात. जुने कारागीर तिच्याभोवती शिसं ओतत. शिसं फाटलं आणि पाणी आत गेलं की सळई गंजते, गंज फुगतो, आणि आतून दगड फुटतो. खांबावर उभी केसासारखी चीर आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला तर समजावं की आत काय चाललंय. अशा वेळी आम्ही सळई काढून स्टेनलेस स्टीलची घालतो. यातलं काहीही मनाने करता येत नाही. क्रॉस संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेची परवानगी लागते, सांधा भरायलासुद्धा. गावकऱ्यांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही, का ते वर सांगितलंच.

आता कूरसच. तुमच्या पायथ्याच्या 1588 या आकड्यात एक बारकावा आहे, जो बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटतो. कूरसला राजाच्या थेट अखत्यारीतल्या बर्गचा दर्जा मिळाला 1592 मध्ये. म्हणजे पायथा त्याच्या चार वर्षं आधीचा. मर्कॅट क्रॉस फक्त राजाच्या गावांनाच असत, असं जे सांगितलं जातं ते इथेच खोटं ठरतं. 1490 पासून कूरसला जहागिरीच्या बर्गचा हक्क होताच, बाजार भरवायला तेवढा पुरे. परदेशी व्यापाराचा हक्क मात्र राजाच्या बर्गांकडे. कूरसला तो हवा होता, कारण माल होता: कोळसा आणि मीठ. जॉर्ज ब्रूस नावाच्या व्यापाऱ्याने फोर्थ खाडीच्या तळाखालून कोळशाची खाण नेली होती, तिचं एक तोंड भर पाण्यात बांधलेल्या गोल बंधाऱ्यातून वर निघे. 1625 च्या वादळात ती बुडाली. कोळशा-मिठाच्या पैशातून बांधलेलं ब्रूसचं पिवळं घर तुम्ही पाहिलंच असेल, ते आता जुन्या वास्तू जपणाऱ्या स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिसरा माल आपल्या ओळखीचा. कूरसचे लोहार लोखंडी 'गर्डल' बनवत, म्हणजे चुलीवर टांगायचा तवा, ओटच्या भाकऱ्या भाजायला. तो बनवायचा मक्ता राजाने याच गावाला दिला होता. पुढे 1759 मध्ये फॉलकर्कजवळ कॅरनचा लोखंडाचा कारखाना निघाला, ओतीव तवे स्वस्त झाले, आणि मक्त्याला किंमत राहिली नाही. गाव गरीब झालं. पैसा नव्हता म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधता आली नाहीत, आणि म्हणूनच तुम्हाला आज ते इतकं देखणं दिसलं.

म्हणजे पायथ्यावर उभं राहिलात तेव्हा तुम्ही बरोबर त्याच ठिकाणी होतात जिथे तव्यांचे सौदे झाले. दांडा 1902 चा असला म्हणून ती जागा सरकत नाही. 1902 च्या कारागिरांनी तो जुन्या पायऱ्यांवरच बसवला, चौक मोकळा ठेवला, आणि दांड्याच्या नवेपणावर पुटं चढवून तो जुना भासवायचा खटाटोपही केला नाही. माझ्या लेखी हे प्रामाणिक काम आहे. नक्कल म्हणायचीच तर मी ती अशा गावांना म्हणेन जिथे जुना दगड वाहनतळाच्या कोपऱ्यात फुलझाडांच्या वाफ्यात नेऊन लावलाय आणि मूळ चौकात फक्त गाड्यांच्या रांगा आहेत. तिथे दगड अस्सल असतो, पण तो कशाचा दगड हे सांगणारं आजूबाजूला काही उरत नाही.

आईंना पुन्हा न्याल तेव्हा दुपार कलल्यावर जा. उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो, घाई नको. ऊन तिरकं पडलं की टाकीचे घाव आपोआप वर येतात आणि पायऱ्यांचा व दांड्याचा फरक न सांगता दिसतो. चौकात येणाऱ्या गल्ल्यांच्या फरसबंदीतही मधली रांग किंचित उंच आहे ती बघा. बड्या लोकांनी त्या मधल्या कोरड्या दगडांवरून चालायचं, बाकीच्यांनी कडेच्या चिखलातून. चपला मात्र रबरी तळाच्या घाला, ते दगड पावसात भयंकर निसरडे होतात.